लांकूड कोणत्या रानांतलें ?

घर बांधावयाचें किंवा सजवावयाचें म्हटलें कीं लांकडाची आठवण प्रथम होते. मुंबईच्या जुन्या चाळींतील ब्रह्मी सागाच्या तुळया, पुण्याच्या वाड्यांतील खांब, देवघरांतील देव्हारा, जेवणाचे पाट, बाळाचा पाळणा हीं सारीं लांकडाचींच. गिऱ्हाईक वखारींत जातें तेव्हां तें तीन प्रश्न हटकून विचारतें : लांकूड कोणत्या जातीचें, भाव काय, आणि वाळवी लागणार नाहीं ना ? चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. हें लांकूड कोणत्या रानांतून आलें, आणि तें तोडल्यावर तेथें मागें काय उरलें ? इ. स. १९९० च्या सुमारास पश्चिमेकडील कांहीं देशांतील साध्या नागरिकांनीं हा चौथा प्रश्न दुकानदारांस मोठ्यानें विचारावयास सुरुवात केली, आणि जें काम रानांत आडवें पडून झालें नव्हतें, तें पुष्कळ अंशीं दुकानाच्या दारांत उभें राहून झालें. ही हकीकत जेथें घडली तो प्रदेश दूरचा आहे. परंतु तिच्यांतील मर्म प्रत्येक गृहस्थानें ध्यानीं घेण्याजोगें आहे.

प्रथम रानारानांतील एक भेद स्पष्ट केला पाहिजे. झाडें लावावयाचीं, चाळीस-पन्नास वर्षांनीं तीं तोडावयाचीं आणि त्या जागीं पुन्हां नवीं लावावयाचीं, असें जें रान असतें तें वस्तुतः झाडांचें शेतच होय. शेतांतील पीक कापल्याबद्दल कोणी शोक करीत नाहीं. परंतु ज्या अरण्यांत कुऱ्हाड व करवत कधीं शिरलीच नाहीं, त्याची गोष्ट निराळी. कोंकणांतील किंवा मावळांतील एखादी जुनी देवराई ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. देवाच्या नांवानें राखलेल्या त्या लहानशा तुकड्यांत शिरतांच ऊन मावळल्यासारखें होतें, पायाखालीं पाचोळ्याचा थर मऊ लागतो, झाडांवर चढलेल्या वेलींचे वेढे मांडीएवढे जाड दिसतात, आणि पडलेलें झाड कोणी उचलून नेत नसल्यामुळें जागच्या जागीं कुजून नव्या रोपांचें अन्न होतें. अशी एक देवराई समुद्रकिनाऱ्यानें शेंकडों मैल पसरली आहे अशी कल्पना केली, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पुरातन अरण्याचें अंधुक चित्र डोळ्यांपुढें उभें राहील.

तो प्रांत ब्रिटिश कोलंबिया. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग तेथील डोंगरांना अडतात आणि किनाऱ्यावर विपुल पाऊस पाडतात. थंड हवेंतील या पर्जन्यारण्यांत तांबडा सीडर, सिटका स्प्रूस, हेमलॉक, डग्लस फर हे सूचिपर्णी वृक्ष वाढतात. तांबड्या सीडरचे कांहीं वृक्ष हजार वर्षांहून अधिक वयाचे आहेत; शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हां ते अडीचशें वर्षांचे होऊन चुकले होते. किनाऱ्यावरील जें रान अडीचशें वर्षांहून जुनें, त्यास तेथील सरकार पुरातन अरण्य समजतें. या अरण्यांतील जीवांचे परस्परसंबंध मोठे सूक्ष्म आहेत. शरद ऋतूंत समुद्रांतून नद्यांत चढून येणारे सॅमन मासे अस्वलें पकडतात, झाडींत नेतात आणि अर्धवट खाऊन टाकून देतात. त्या उच्छिष्टाचें खत झाडांच्या मुळांस मिळतें. समुद्रांतील नत्राचा अंश असा डोंगरावरील वृक्षाच्या खोडांत जाऊन पोंचतो, हें शास्त्रज्ञांनीं तपासून पाहिलें आहे. मार्बल्ड मर्रलेट नांवाचा एक लहानसा समुद्रपक्षी आहे. तो घरटें विणीत नाहीं. जुन्या वृक्षाच्या जाड फांदीवर शेवाळाची जी गादी साचलेली असते, तिच्यावर तो एकच अंडें घालतो. तरुण झाडास तशी फांदी नसते व तशी गादीही नसते. तोडलेल्या जागीं रोपें लावतां येतात हें खरें. परंतु अशी फांदी तयार होण्यास ज्या शतकांची गरज आहे, तीं कोणासही लावतां येत नाहींत.

दुर्दैव असें कीं, जो या वृक्षांचा गुण तोच त्यांचा वैरी ठरतो. दाट छायेंत सावकाश वाढलेल्या झाडाच्या वर्षवलयांच्या रेषा एकमेकींस चिकटून असतात. खालच्या फांद्या लहानपणींच गळून गेल्यामुळें खोडांत गांठी फारशा नसतात. अशा लांकडाच्या फळ्या सरळ निघतात, त्या सहसा वांकत नाहींत, आणि तांबडा सीडर तर पावसांत राहूनही लवकर कुजत नाहीं. म्हणून घराच्या छपरावरील फळ्यांच्या कौलांपासून अंगणांतील ओट्यापर्यंत सर्वत्र त्यास मागणी. उरलेल्या लांकडाचा व भुशाचा लगदा होऊन त्याचा कागद निघतो. तोडीची पद्धतिही ठरलेली होती : डोंगराचा एक उतार घ्यावयाचा आणि त्यावरील लहानमोठें प्रत्येक झाड सरसकट तोडून तो बोडका करावयाचा. मग पावसानें माती वाहून खालच्या ओढ्यांत जाई, आणि तेथें सॅमनच्या अंड्यांवर गाळ बसे.

या पद्धतीविरुद्ध सर्वांत मोठा विरोध प्रकट झाला तो व्हँकूवर बेटाच्या पश्चिम अंगास, क्लेक्वॉट साउंड या खाड्यांच्या व बेटांच्या प्रदेशांत. तेथील मूळचे रहिवासी नू-चा-नूल्थ लोक. त्यांच्यापैकीं एका समाजानें इ. स. १९८४ मध्यें मिअर्स नांवाचें बेट आपलें राखीव रान म्हणून जाहीर केलें, आणि जमिनीच्या हक्काचा निकाल लागेपर्यंत तेथील तोड थांबविण्याचा हुकूम १९८५ सालीं न्यायालयाकडून मिळविला. पुढें एप्रिल १९९३ मध्यें प्रांतिक सरकारनें संपूर्ण प्रदेशाविषयीं निर्णय दिला. सुमारें एक तृतीयांश भाग राखावयाचा व उरलेल्या बहुतेक भागांत तोडीस परवानगी द्यावयाची, असें त्याचें स्वरूप होतें. त्या उन्हाळ्यांत देशभरांतून हजारों माणसें तेथें गोळा झालीं. रोज पहाटे तीं केनेडी नदीच्या पुलाजवळ रस्त्यावर बसत, आणि मॅकमिलन ब्लोडेल या बड्या कंपनीच्या मोटारी अडवीत. कंपनीनें न्यायालयाचा मनाई हुकूम आणला होता. तो मोडल्याबद्दल पोलीस एकेकास उचलून नेत. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, नातवंडें असलेल्या आजीबाई होत्या. ९ ऑगस्ट १९९३ या एका दिवशीं तीनशेंहून अधिक माणसांस अटक झाली. सबंध उन्हाळ्यांत ही संख्या आठशेंच्या वर गेली. त्यांच्यावर गटागटानें खटले चालले, पुष्कळांस दंड झाला, कित्येकांनीं तुरुंग भोगला. एवढें होऊनही मोटारींचा मार्ग दररोज कांहीं वेळानें मोकळा होत असे आणि तोड चालूच राही.

तेव्हां चळवळीच्या कार्यकर्त्यांनीं निराळा विचार केला. कंपनीस रस्त्यावरील माणसांची भीति नाहीं. न्यायालय तिच्या पाठीशीं आहे. मग तिला भीति कोणाची ? अर्थात् तिच्या गिऱ्हाइकांची. त्या प्रांताचें बहुतेक लांकूड परदेशीं जाई. यास्तव अटकेचीं छायाचित्रें आणि बोडक्या डोंगरांचीं चित्रें यूरोपांत पोंचविण्यांत आलीं. ज्यांच्या कागदांत हा लगदा जात होता, त्या कारखानदारांस लोक जाब विचारूं लागले. इ. स. १९९४ मध्यें ब्रिटनमधील दोन मोठ्या कागद-कंपन्यांनीं मॅकमिलन ब्लोडेलकडून माल घेण्याचे करार थांबविले. सरकारनें नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें १९९५ सालीं सरसकट तोडीऐवजीं अगदीं वेगळी रीत सुचविली. त्या मंडळांत नू-चा-नूल्थ लोकांतील जाणते पुरुषही होते. त्याच्या सूचना सरकारनें स्वीकारल्या. जून १९९८ मध्यें खुद्द त्या कंपनीनेंच आपल्या सर्व रानांत सरसकट तोड पांच वर्षांत बंद करण्याचें जाहीर केलें.

दुकानदारास विचारण्याची ही रीत ब्रिटनमध्यें त्याच्या थोडी आधींच सुरू झाली होती. घरदुरुस्तीचें सामान विकणारी बी अँड क्यू ही तेथील प्रसिद्ध पेढी. उष्ण कटिबंधांतील अरण्यांचें लांकूड तुम्ही किती विकतां, असा प्रश्न एका वार्ताहरानें तिला विचारला असतां पेढीस उत्तरच देतां आलें नाहीं, कारण तें तिलाच ठाऊक नव्हतें. त्याच सुमारास पृथ्वीमित्र मंडळाचे लोक अशा दुकानांच्या आवारांत हवा भरलेल्या प्रचंड करवती घेऊन उभे राहत असत. पेढीनें प्रश्न झिडकारला नाहीं. तिनें माल पुरविणाऱ्यांस विचारलें. त्यांनीं गिरणीवाल्यांस विचारलें. गिरणीवाल्यांनीं ओंडके विकणाऱ्यांस विचारलें. १९९१ सालीं पेढीनें असा संकल्प सोडला कीं, १९९५ च्या अखेरपर्यंत नीट राखलेल्या रानांतील लांकडाशिवाय दुसरें लांकूड विकावयाचें नाहीं.

परंतु नीट राखलेलें रान कोणतें, हें ठरवावयाचें कोणी ? त्या काळीं कोणीही व्यापारी आपल्या मालावर हिरवें पान छापी आणि आपलें लांकूड निर्दोष आहे असें सांगे. ही अडचण दूर करण्यासाठीं १९९३ सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल ही संस्था निघाली. तिची घटना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. तिच्या सभासदांचे तीन विभाग आहेत : व्यापाराचा, निसर्गरक्षणाचा आणि समाजाचा. मूळ रहिवासी व मजूर यांचे प्रतिनिधि या तिसऱ्या विभागांत येतात. तिन्ही विभागांच्या मतांस सारखेंच वजन असून, प्रत्येक विभागांत श्रीमंत देश व गरीब देश यांचाही वांटा समान असतो. रानाची तपासणी बाहेरचे परीक्षक करतात. आणि रानापासून दुकानापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो, त्या प्रत्येक हाताचा हिशेब ठेवावा लागतो. ही सांखळी पुरी असेल तरच अखेरच्या वस्तूवर संस्थेचा शिक्का उमटतो.

चळवळीची खरी कसोटी लागली ती अमेरिकेंत. होम डेपो ही जगांत लांकडाची सर्वांत मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी. १९९९ च्या सुमारास तिचीं आठशेंहून अधिक दुकानें होतीं. रेनफॉरेस्ट ॲक्शन नेटवर्क ही १९८५ सालीं स्थापन झालेली संस्था १९९७ पासून तिच्या मागें लागली. दुकानांपुढें फलक घेऊन उभें राहणें, भागधारकांच्या सभेंत प्रश्न विचारणें, वर्तमानपत्रांत जाहिराती देणें हें तर झालेंच. शिवाय कार्यकर्ते गिऱ्हाइकांस दुकानांतून फिरवून कोणतें लांकूड कोणत्या अरण्यांतलें आहे, तें दाखवूं लागले. कांहीं ठिकाणीं तर दुकानांतील ध्वनिवर्धकाचा ताबा मिळवून, अमुक ओळींत ॲमेझॉनच्या अरण्यांतील महोगनी ठेवली आहे, असें त्यांनीं गंभीर आवाजांत जाहीर केलें. गिऱ्हाइकें माना वर करून ऐकूं लागलीं, आणि नोकरांची धांवाधांव झाली. अखेर २६ ऑगस्ट १९९९ रोजीं कंपनीचे प्रमुख आर्थर ब्लँक यांनीं घोषणा केली कीं, संकटांत सांपडलेल्या अरण्यांतील लांकूड २००२ च्या अखेरपर्यंत आपण विक्रींतून काढून टाकूं, आणि दाखला असलेल्या लांकडास प्राधान्य देऊं. पुढील वर्षीं तिच्या प्रतिस्पर्धी लोज या कंपनीनेंही तसेंच धोरण स्वीकारलें.

बडा दुकानदार असा नमतो कां, हें समजून घेणें अगत्याचें आहे. तोडणाऱ्या कंपनीचें गिऱ्हाईक म्हणजे मोजके घाऊक व्यापारी. सामान्य माणसास तिचें नांवही ठाऊक नसतें. किरकोळ दुकानदाराचें तसें नाहीं. त्याचें सारें भांडवल म्हणजे त्याची अब्रू, आणि ती रोज दारांतून आंत येणाऱ्या असंख्य गिऱ्हाइकांच्या मनांत सांठविलेली असते. दुसरें असें कीं, पुरातन अरण्यांतील लांकूड हा त्याच्या एकंदर मालाचा एक भागच असतो; तो सोडून दिला तरी त्याचें दुकान बंद पडत नाहीं. तोडणाऱ्यास जें सर्वस्व, तें विकणाऱ्यास अल्पस्व, आणि म्हणून चळवळीनें बोट ठेवावयाचें तें येथेंच. विदेशी कापडाच्या दुकानांपुढें १९३० सालीं ज्यांच्या घरच्या स्त्रियांनीं निरोधन केलें, त्या महाराष्ट्रास ही युक्ति अपरिचित नाहीं. येथें मात्र दुकानाचा धंदा बसविण्याचा हेतु नव्हता. दुकानदारानें आपल्या पुरवठादारास प्रश्न विचारावा, एवढाच हेतु होता.

या घोषणांचे पडसाद कॅनडांत उमटले. व्हँकूवर बेटाच्या उत्तरेस, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणून ओळखला जाणारा सुमारें ६४,००० चौरस किलोमीटरांचा प्रदेश आहे. काळ्या अस्वलांच्या जातींत क्वचित् जन्मणारें पांढरें अस्वल याच भागांत आढळतें. मोठे खरेदीदार पाठ फिरवूं लागलेले पाहून तोडणाऱ्या कंपन्या, निसर्गरक्षक संस्था, सरकार आणि तेथील मूळ रहिवाशांचे समाज हे एकत्र बसले. २००१ व २००६ सालीं प्राथमिक करार झाले. आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें अंतिम व्यवस्था जाहीर झाली. तीप्रमाणें त्या प्रदेशांतील अरण्याचा ८५ टक्के भाग तोडीपासून कायमचा मुक्त झाला, व उरलेल्या १५ टक्क्यांत कडक नियमांनीं तोड करण्याचें ठरलें.

येथपर्यंतची कथा गोड आहे. पण तेवढीच सांगितली तर ती अर्धीच होईल. पहिली गोष्ट म्हणजे तोडीवर पोट असलेल्या माणसांची. क्लेक्वॉटच्या वादांत जंगलकामगार आपल्या बायकामुलांसह निराळ्या सभा भरवीत होते. १९९४ च्या मार्चमध्यें हजारों कामगारांनीं प्रांताच्या राजधानींत विधिमंडळापुढें निदर्शनें केलीं. शहरांतील माणसानें फळीची जात बदलली, तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. करवत चालविणाऱ्याचें मात्र घर बसतें. ज्या करारांत त्याच्या उपजीविकेचा विचार नाहीं, तो करार न्याय्य म्हणतां येणार नाहीं. दुसरी गोष्ट शिक्क्याची. दाखल्याचा अर्थ रान नीट राखलें आहे एवढाच. त्यांत एकही जुनें झाड पडलेलें नाहीं असा त्याचा अर्थ होत नाहीं. शिवाय सर्वच शिक्के सारख्या कसोटीचे नसतात. कांहीं शिक्के तर लांकूडव्यापाराच्याच पुढाकारानें निघालेले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुकानदाराचें वचन हें कायद्याची जागा घेऊं शकत नाहीं. त्याच व्हँकूवर बेटावर फेअरी क्रीक नांवाचें खोरें आहे. तेथील पुरातन अरण्य वांचविण्यासाठीं ऑगस्ट २०२० पासून पुन्हां रस्ते अडविले गेले, आणि अटकेंत पडलेल्यांची संख्या अकराशेंच्या वर जाऊन तिनें १९९३ चा आंकडाही मागें टाकला. तेथें आणखी एक पेंच उभा राहिला. त्या भूमीच्या पाचीदात समाजाच्या निर्वाचित पुढाऱ्यांनीं निदर्शकांस निघून जाण्यास सांगितलें. आमच्या रानाचा निर्णय आम्हीं करूं, असें त्यांचें म्हणणें होतें. जून २०२१ मध्यें तो समाज व त्याचे दोन शेजारी समाज यांच्या विनंतीवरून सरकारनें तेथील तोड दोन वर्षांपुरती तहकूब केली. रान वांचविणाऱ्यानें ज्यांचें रान त्यांस प्रथम विचारावें, हा धडा त्यांतून मिळतो.

आतां हा सारा प्रकार मुंबई-पुण्याच्या गृहस्थास किती दूरचा ? समजतो तितका दूरचा नाहीं. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें भारतांतील जंगलतोडीस कडक आळा बसला, आणि तो बसावयासच हवा होता. परंतु घरांची व फर्निचरची भूक त्यामुळें शमली नाहीं. ती परदेशी ओंडक्यांकडे वळली. ब्रह्मदेशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हां व्यापाऱ्यांस आणखी लांब पाहावें लागलें. खुद्द ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारनेंही तेथील हेमलॉक, स्प्रूस, डग्लस फर, तांबडा सीडर यांचा खप भारतांत वाढावा म्हणून मुंबईंत आपली कचेरी उघडून प्रयत्न केला आहे. त्या मालांत दोष असतोच असें म्हणण्याचें कारण नाहीं. लावलेल्या रानांतील लांकूडही तेथून येऊं शकतें, व नीट राखलेल्या रानांतील लांकूड घेणें हा अपराध नव्हे. लोखंड, सिमेंट आणि प्लॅस्टिक यांच्यापेक्षां लांकूड कित्येकदां निसर्गास कमी जाचक असतें. मुद्दा एवढाच कीं, दूरच्या अरण्याचा मार्ग आतां आपल्या वखारीच्या दारापर्यंत आलेला आहे.

तेव्हां गृहस्थानें काय करावें ? कपाट किंवा दार करावयास देतांना लांकडाचा देश व जात विचारावी. शिक्का दाखविला तर तो कोणत्या संस्थेचा, आणि तिच्या सांखळीचा क्रमांक पावतीवर आहे कीं नाहीं, हें पाहावें. जुन्या घरांतून निघालेला साग मिळत असेल, तर तो रंधून घेऊन वापरण्यांत कमीपणा मानूं नये; त्यासाठीं नवें झाड पडत नाहीं. आणि वखारवाल्यास उत्तर देतां आलें नाहीं, तर त्याच्याशीं भांडूं नये. पुढच्या खेपेस पुन्हां तेंच विचारावें. बी अँड क्यू सारख्या पेढीसही पहिल्यांदा उत्तर देतां आलें नव्हतें. एका गिऱ्हाइकाचा प्रश्न दुकानदार विसरतो. दहाव्या गिऱ्हाइकानें तोच विचारला, म्हणजे तो आपल्या घाऊक व्यापाऱ्यास पत्र लिहितो. हजार वर्षांचा वृक्ष एका सकाळींत आडवा होतो, आणि त्या सकाळीं त्याच्यापाशीं कोणीही गिऱ्हाईक हजर नसतें. गिऱ्हाइकास हजर राहतां येतें तें फक्त दुकानांत, फळी विकत घेण्यापूर्वीं; म्हणून प्रश्न विचारावयाचा तो तेथेंच.